परत आलेला चष्मा हाच अभ्यासक्रम धरा

प्रति,
ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून नंबर काढणारे) आणि ऑप्टिशियन (चष्मा मापून बसवून देणारे) यांच्या निरंतर शिक्षणाचे कार्यक्रम आखणाऱ्या, त्यांना मंजुरी देणाऱ्या आणि त्यांचे पॉइंट मोजणाऱ्या सर्व समित्यांना,

स.न.वि.वि.

माझे पॉइंट, म्हणजे निरंतर शिक्षणाच्या सत्रांचे गुण, पूर्ण झाले आहेत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पॉइंट कमी पडले म्हणून बाई चिडल्या, असा समज व्हायचा. सगळी प्रमाणपत्रे फायलीत तारखेवार लावलेली आहेत. त्यातले शेवटचे दोन पॉइंट कसे मिळवले तेही सांगते. रात्री रेकॉर्ड केलेले व्याख्यान दीडपट वेगाने लावले आणि ऐकता ऐकता कपड्यांच्या घड्या घातल्या. शेवटी दहा प्रश्न आले. चार चुकले. पुन्हा परीक्षा द्यायची सोय होती. तेच दहा प्रश्न त्याच क्रमाने आले आणि या खेपेला दहापैकी दहा मिळाले. विषय काचबिंदूचा होता, एवढे आठवते.

त्याच आठवड्यात एक चष्मा परत आला. त्याने मला जे शिकवले त्याचा पॉइंट तुमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून हे पत्र.

बावन्न वर्षांचे गृहस्थ. आयुष्यातला पहिला प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला चष्मा. लांबचे स्वच्छ दिसते, पण वाचायला हनुवटी छताकडे करावी लागते, आणि कॉम्प्युटरवर तासभर बसले की मान धरते. मी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवले. नंबर पुन्हा काढला, तोच आला. सिलिंडरचा (तिरक्या नंबरचा) अक्ष पुन्हा तपासला, तोच. मग मी अशा वेळी करते तेच करायला निघाले: जवळचा नंबर पावाने वाढवून काचा बदलून द्यायच्या. वीस मिनिटे त्यात गेली होती. आमच्याकडचे ऑप्टिशियन, ज्यांना सगळे दादा म्हणतात, दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, नंबरला हात लावू नका. चष्मा जरा इकडे द्या."

त्यांनी काचेवर तोंडाची वाफ सोडली. वाफ विरता विरता काचेवर कोरलेल्या दोन बारीक खुणा दिसल्या, एरवी नजरेला न दिसणाऱ्या, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. मार्करने त्यावर टिंब दिले, काच कंपनीच्या तक्त्यावर ठेवून मधला क्रॉस आखला आणि चष्मा पुन्हा त्या गृहस्थांच्या नाकावर चढवला. क्रॉस बाहुलीच्या मध्यावर यायला हवा. तो चार मिलिमीटर खाली होता. दादांनी विचारले, "माप घेताना फ्रेम बोटाने वर ढकलून धरली होती का हो?" गृहस्थांना आठवत होते. धरली होती. रोजच्या वापरात फ्रेम घसरून खाली बसत होती आणि वाचायचा भाग गालापाशी जात होता. दादांनी नोज पॅड आत घेतले, काड्यांचे कान गरम करून वाकवले. काच बदलली नाही, नंबर बदलला नाही. गृहस्थ सरळ मानेने वर्तमानपत्र वाचू लागले.

दादांना याला सहा मिनिटे लागली. मी पाव नंबर वाढवला असता तर त्यांना थोडे बरे वाटले असते, लांबचे आणि जवळचे यांमधला पट्टा आणखी अरुंद झाला असता, आणि दोन महिन्यांनी तो चष्मा कपाटात गेला असता. माझ्या नोंदीत मात्र लिहिले गेले असते: 'नॉन-ॲडाप्ट'. हा शब्द तुम्हीही ओळखता. ग्राहकाला सवय झाली नाही, म्हणजे दोष ग्राहकाच्या डोक्याचा. आपल्या धंद्यातले इतके सोयीचे दुसरे विशेषण मला माहीत नाही.

असे चष्मे सगळीकडे असतात. काउंटरखालच्या ट्रेमध्ये, चिठ्ठी गुंडाळून, लॅबला परत जायची वाट बघत. लॅबकडे त्यांचा हिशेब असतो, कारण तिथे पैसे गुंतलेले असतात. शिकण्यासाठी हा हिशेब कुणी मागितलेला माझ्या ऐकण्यात नाही. माझे मागणे त्याबद्दलच आहे: आमच्या स्वतःच्या चुकांचा ट्रे हा निरंतर शिक्षणाचा पाया धरा आणि व्याख्यानांना त्याच्याभोवती जागा द्या.

हे मी मनाचे बोलत नाही. डॉक्टरांच्या बाबतीत या विषयावर भरपूर संशोधन झाले आहे. आपल्या पेशावर त्या मानाने कमी, पण माणसे शेवटी माणसेच. १९९९ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्याने दाखवले की नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांचे वागणे बदलत नाही. ज्यात हाताने काही करायचे, चर्चा करायची, सराव करायचा, अशा सत्रांनी बदलते. कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २००९ च्या आढाव्यात शैक्षणिक सभांचा एकंदर परिणाम मोजला, तो होता कामात सुमारे ६ टक्के सुधारणेचा. शून्य नाही, पण एवढ्या सभागृहांच्या, चहापानाच्या आणि बॅगा वाटण्याच्या मानाने थोडाच. त्याहून बोचणारी गोष्ट २००५ ची. डॉक्टरांच्या अनुभवाची वर्षे आणि कामाचा दर्जा यांचा संबंध तपासणारे ६२ अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा त्यांतल्या ३२ मध्ये अनुभव वाढेल तसा दर्जा सगळ्याच मोजमापांवर उतरताना दिसला. माझ्यासारख्या पिकलेल्या केसांच्या लोकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आणि आपल्याला काय येत नाही हे आपल्याला कळते, असे धरून तुम्ही आम्हाला विषय निवडायला सांगता. २००६ च्या आढाव्यात डॉक्टरांचे स्वतःविषयीचे मत आणि बाहेरून केलेले मूल्यमापन यांच्या वीस तुलना होत्या. त्यांतल्या तेरांमध्ये दोहोंचा मेळ फारसा बसला नाही, किंवा उलटाच बसला. सर्वांत कच्चे आणि सर्वांत निर्धास्त, अशा मंडळींची नजर स्वतःकडे सर्वांत अधू होती. मी काचबिंदूचे व्याख्यान का निवडले? कारण काचबिंदू मला बऱ्यापैकी येतो. येणाऱ्या विषयाचे प्रश्न सोपे जातात. (चार चुकले, ही गोष्ट वेगळी.)

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र ट्रेमध्ये कधी आलीच नाही. ती मुले तक्रार घेऊन आली नाहीत.

मी शिकले तेव्हा मुलांना मायनस नंबर पूर्ण देऊ नये, थोडा हातचा राखावा, म्हणजे डोळा आळशी होत नाही आणि नंबर हळू वाढतो, असे आमच्या शिक्षकांनी सांगितले होते. त्यांना त्यांच्या शिक्षकांनी. कारणही पटण्यासारखे होते: कमी नंबर म्हणजे जवळचे वाचताना डोळ्यावर कमी ताण. मी वर्षानुवर्षे अर्धा-पाऊण नंबर कमी लिहीत गेले. आई-बापांना ते आवडायचे. "मॅडम नंबर वाढू देत नाहीत," असे म्हणायचे. २००२ मध्ये मलेशियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ९४ मुले, दोन वर्षे. अर्ध्यांना पूर्ण नंबर, अर्ध्यांना सुमारे ०.७५ ने कमी. पूर्ण नंबरवाल्यांचा नंबर सरासरी ०.७७ ने वाढला, कमी नंबरवाल्यांचा १.०० ने. नंतरचे सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत हे खरे, पण कमी नंबर देऊन फायदा होतो, या समजुतीला त्यानंतर भक्कम आधार काही मिळाला नाही. मी ही सवय केव्हा सोडली? त्या अभ्यासानंतर सात-आठ वर्षांनी, एका नव्या मुलीने माझ्या शेजारी बसून सरळ विचारले म्हणून: "मॅडम, हा पाऊण कुठे गेला?"

त्या सात-आठ वर्षांत माझे पॉइंट दरवर्षी पूर्ण होते. मुलांच्या मायोपियावरची (मायनस नंबरवरची) व्याख्यानेही मी ऐकली असणार, त्यात तो अभ्यास पडद्यावर आलाही असेल. पण माझ्या कागदावर मी काय लिहिते हे कुणी पाहिले नाही. माझ्या दहा मुलांच्या नोंदी काढून कुणी समोर ठेवल्या असत्या तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता. तुमच्या सगळ्या व्यवस्थेत नेमके हेच एक बसत नाही.

आणि विषय तर पळतो आहे. मी ज्यांना कमी नंबर दिला त्यांची धाकटी भावंडे आली तोवर मायोपिया रोखायच्या काचा, मऊ लेन्स आणि कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब हे सगळे हाताशी आले होते. ॲट्रोपिनचेच घ्या. २०१२ मध्ये सिंगापूरच्या अभ्यासानंतर सगळे ०.०१ टक्क्यावर विसंबले. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०५ टक्का त्याहून बराच प्रभावी ठरला. सात वर्षांत उत्तर बदलले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे सांधेवातावरचे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्याची काळजी कोणत्या मात्रेपासून करायची, याचा अमेरिकन सल्ला २०१६ मध्ये बदलला: प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. कॉन्टॅक्ट लेन्स चोळून धुवायची गरज नाही, असे लेन्सच्या द्रावणाच्या बाटल्यांवर छापलेले आम्हीच ग्राहकांना वाचून दाखवले. २००६ मध्ये बुरशीच्या संसर्गाची साथ आली आणि पुन्हा 'चोळा, मग धुवा' सुरू झाले. अशा बदलांसाठी व्याख्यान लागतेच, नाही म्हणत नाही. पण व्याख्यान झाल्यावर तीन महिन्यांनी माझ्या हातातून काय बाहेर पडते आहे, हे कोण बघणार?

आता ऑप्टिशियन मंडळींकडे येते, कारण त्यांच्यावर याहून मोठा अन्याय होतो. ऑप्टोमेट्रिस्टला निदान व्याख्यान तरी मिळते. दादांना वर्षभरात 'शिक्षण' म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे एखाद्या नव्या कोटिंगचे कौतुक असते. निळ्या प्रकाशाच्या काचांचे उदाहरण बघा. किती सत्रांत दादांना सांगितले गेले की स्क्रीनमुळे डोळे थकतात आणि ही काच तो थकवा थांबवते. सत्राला पॉइंट होते, शेवटी विक्रीचे लक्ष्य होते. २०२३ मध्ये कोक्रेनने १७ चाचण्यांचा आढावा घेतला आणि निघाले असे की साध्या काचेच्या तुलनेत त्या काचांनी डोळ्यांचा थकवा थोड्या काळात तरी बहुधा कमी होत नाही. यावर सत्र घ्यायला मात्र कुणी पुढे आले नाही. यात कुणाचा नफा नव्हता ना. कंपनीने नवे डिझाइन समजावून सांगावे, जरूर सांगावे, त्यांच्याइतके त्या काचेबद्दल कुणाला माहीत असते? पण त्याला माहितीचे सत्र म्हणा आणि पॉइंट देऊ नका. दादांचे तास असे विकू नका.

दादांना काय शिकायचे असते ते त्यांच्या काउंटरवर घडते. एकदा एक बाई चष्मा पुसून पुसून दमल्या होत्या. "काचेवर कोपऱ्यात डाग आहे, तुम्हीच बघा." दादांनी भिंगाखाली पाहिले, डाग नाही. दुसरा कुणी असता तर काच बदलून दिली असती, किंवा 'काहीतरीच' म्हणून सोडून दिले असते. दादांनी चष्मा काढायला सांगितला. "आता डाग आहे का?" आहे. "एक डोळा झाका. आता?" एकाच डोळ्यात आहे, आणि दोन दिवसांपासून बाजूला चमकल्यासारखे होते आहे. दादांनी फोन उचलला, पाऊण तासात त्या बाई नेत्रतज्ज्ञाच्या खुर्चीत होत्या. डोळ्याचा पडदा सुटू लागला होता, मधला भाग अजून जागेवर होता. दृष्टी वाचली. हे दादांना कुणी शिकवले? वीस वर्षांपूर्वी त्यांनी अशीच एक काच बदलून दिली होती, आणि तो माणूस पुढच्या आठवड्यात परत आला होता. ती गोष्ट ते अजून आवाज खाली करून सांगतात.

ही एक गोष्ट वीस-पंचवीस ऑप्टिशियनांनी एकत्र बसून ऐकली, "डाग चष्मा काढल्यावरही राहतो का" हा प्रश्न विचारायचा सराव आपसात केला, तर त्याला मी हव्या तेवढ्या कोटिंगच्या सत्रांपेक्षा वरचे शिक्षण म्हणेन.

शिवाय आम्हा दोघांना वेगळे बसवणे बंद करा. माझ्या चुकीचा अर्धा भाग दादांच्या टेबलावर असतो. मायनस १० च्या माणसाला मी ट्रायल फ्रेम (तपासणीच्या काचा घालायची चौकट) डोळ्यापासून १२ मिलिमीटरवर ठेवून तपासते आणि ते अंतर कागदावर लिहीत नाही. तयार चष्मा १६ मिलिमीटरवर बसतो. माणसाला जवळजवळ ०.४० नंबर कमी पडतो आणि आम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर असतो. हे मला व्याख्यानातून कळणार नाही, त्यांनाही नाही. चष्मा मध्ये ठेवून दोघे समोरासमोर बसलो तरच कळते.

ट्रेमध्ये न येणाऱ्या चुकांचा दुसरा साठा असतो नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलेल्या चिठ्ठ्यांचा. चिठ्ठी जाते, उत्तर येत नाही. माणूस पोचला का, माझी शंका बरोबर होती का, काहीच कळत नाही. मग मी एकतर सगळ्यांना पाठवत सुटते किंवा कुणालाच नाही. मला एकदा उत्तर आले त्याची गोष्ट सांगते. तिशीतला मुलगा, मायनस ८. ओसीटीच्या (डोळ्याच्या थरांच्या स्कॅनच्या) कागदावर नसांच्या थराच्या चित्रात लाल पट्टे. लाल पाहून माझे धाबे दणाणले, "काचबिंदूची दाट शंका" असे लिहून पाठवला. चार महिन्यांनी नेत्रतज्ज्ञांनी हाताने लिहिलेल्या सात ओळी आल्या: नसेचे तोंड तिरके आहे, जास्त मायनस नंबरच्या डोळ्यात नसांचे जाड पट्टे कानाच्या बाजूला सरकतात, यंत्राच्या तुलनेच्या आकड्यांत असे डोळे फारसे नसतात म्हणून ते लाल दाखवते, दृष्टिक्षेत्र सामान्य आहे, वर्षाने पुन्हा तपासू. त्या मुलाने मधले चार महिने काय भोगले असेल ते सोडा. त्या सात ओळी माझ्या ड्रॉवरमध्ये अजून आहेत. त्यानंतर मायनस नंबरवाल्याच्या कागदावर लाल दिसले की मी आधी नसेचा फोटो उघडते.

एक उत्तर आल्यावर इतके शिकता येते. मग उत्तर मागणे, ते जपणे, वर्षातून दोनदा चार सहकाऱ्यांबरोबर त्या चिठ्ठ्या वाचणे, याला पॉइंट का नसावेत? आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांशी बोलून उत्तर पाठवायची साधी पद्धत लावून देणे हे काम आमच्यापैकी एकटीदुकटीचे नाही, तुमचे आहे.

तुमचा आक्षेप मला माहीत आहे. चुका लिहून ठेवल्या आणि उद्या कुणी त्या न्यायालयात ठेवल्या तर? ही भीती पोकळ नाही. ब्रिटनमध्ये २०१२ साली आठ वर्षांच्या एका मुलाच्या नेहमीच्या तपासणीत डोळ्यातल्या नसेची सूज ओळखली गेली नाही. पाच महिन्यांनी मूल गेले. २०१६ मध्ये ज्युरीने ऑप्टोमेट्रिस्टला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्या वर्षभरात पेशातल्या माणसांनी काय शिकले? जास्त फोटो काढायला, जास्त चिठ्ठ्या लिहायला आणि कमी बोलायला. मूल गेले हे सगळ्यात मोठे दुःख, त्याच्याशी बरोबरी नाही. पण चुकीबद्दल बोलायची जागाच उरली नाही तर पुढच्या खोलीत तीच चूक पुन्हा होते. म्हणून शिकण्याच्या बैठकीत मांडलेली केस शिस्तभंगाच्या चौकशीत वापरली जाणार नाही, असा नियम आधी लिहा. रुग्णाचे नाव नाही, मांडणाऱ्याचे नाव इतिवृत्तात नाही. मग बघा ट्रे कसे उघडतात.

सगळे नव्याने रचायला सांगते आहे असेही नाही. ब्रिटनमधल्या आपल्या पेशाच्या नियामक संस्थेने, जनरल ऑप्टिकल कौन्सिलने, १ जानेवारी २०२२ पासून आपली योजना बदलली: तीन वर्षांत ३६ पॉइंट, त्यांतले किमान १८ संवादी सत्रांचे, सहकाऱ्यांबरोबर केसची चर्चा आणि स्वतःच्या विकासाचा आराखडा सक्तीचा. दिशा बरोबर आहे. फक्त एक धोका सांगून ठेवते: 'स्वतःच्या कामावर चिंतन करा' असा रकाना दिला की आम्ही हुशार मंडळी तो चिंतन न करता भरू शकतो. "या सत्रामुळे माझ्या ज्ञानात मोलाची भर पडली." हे वाक्य मी स्वतः किती वेळा चिकटवले आहे, विचारू नका. रकान्याऐवजी पुरावा मागा. पाच परत आलेले चष्मे, कारण काय निघाले, पुढच्या वेळी काय वेगळे केले. तेवढे पुरे.

आणि हात बघा, हात. आमच्या हातात काय उरले आहे ते कुणीच बघत नाही. माझा रेटिनोस्कोप (डोळ्यात प्रकाश टाकून सावलीवरून नंबर काढायचे हातातले उपकरण) वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून होता, बॅटरी गळून हिरवी झालेली. यंत्र दोन सेकंदांत आकडा देते, मग काय करायचा तो? एका मुलाचा सिलिंडर दर सहा महिन्यांनी वाढत होता, मी यंत्राला शिव्या घातल्या. त्याच नव्या मुलीने रेटिनोस्कोप लावला आणि मला बोलावले: सावली कात्रीच्या दोन पात्यांसारखी उघडत-मिटत होती. बुबुळ पातळ होऊन पुढे येत होते, म्हणजे केरॅटोकोनस. पूर्वी अशा मुलाला आम्ही कडक लेन्स देऊन वाट बघायचो. २००३ मध्ये जर्मनीतून बुबुळ घट्ट करणाऱ्या क्रॉसलिंकिंग या उपचाराचे पहिले निष्कर्ष आले, २०१६ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. वेळेत पाठवले तर आता आजार थांबवता येतो. मी दीड वर्ष उशीर केला. हे सगळे मला 'माहीत' होते, केरॅटोकोनसवरचे प्रमाणपत्र त्याच फायलीत आहे. म्हणून दोन वर्षांतून एकदा तरी सहकाऱ्याने शेजारी उभे राहून माझी रेटिनोस्कोपी, माझे स्लिट लॅम्पखाली (डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) तपासणे, दादांचे माप घेणे बघावे. पास-नापास नको. नुसते बघावे आणि सांगावे.

दूर एकट्याने काम करणाऱ्यांसाठी पडद्यावरचीच सोय लागणार, हे मान्य. पण तिथेही तीनशे जणांना गप्प बसवून बोलणारा एक, असे नको. सहा-सात जणांची खोली करा, प्रत्येकाने आपला एक परत आलेला चष्मा किंवा एक परत न आलेली चिठ्ठी घेऊन बसावे. आणि तेच प्रश्न तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. त्याच रात्री विचारले तर काय होते ते मी वर सांगितले आहे.

माझ्यापुरती सुरुवात केली आहे. ट्रेजवळ एक शंभर पानी वही दोरीने बांधली आहे. डावीकडे मी लिहिते, उजवीकडे दादा. पहिली नोंद बावन्न वर्षांच्या गृहस्थांची: 'माप घेताना फ्रेम हाताने धरू नये. आधी नाकावर बसवावी, मग मोजावे. चूक: दोघांची.' आतापर्यंत एकतीस नोंदी झाल्या. त्यातल्या अकरा नंबरच्या, चौदा फिटिंगच्या, चार लॅबच्या, आणि दोन आम्हाला अजून उलगडलेल्या नाहीत. तुमच्यापैकी कुणाला पहिल्या बैठकीसाठी केस हव्या असतील तर त्या दोन पाठवते. दादांना त्यातल्या एकीचे कारण प्रिझम (काचेमुळे प्रतिमा बाजूला सरकणे) वाटते, मला वाटत नाही.

आपली,
तपासणीच्या खोलीतली एक ऑप्टोमेट्रिस्ट